नाशिकरोडला छापलेला जहाजबांधणीकार : अर्देशिर कर्सेटजी वाडिया (१८०८–१८७७)

जुनी_तिकिटे

नमस्कार मंडळी. 'नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध' असा वाद परवा दुसऱ्या धाग्यावर रंगला होता. तिथेच लिहायला घेतलं, पण प्रतिसाद इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढावा.

आमच्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये टपाल तिकिटांवर आजवर किती थोरामोठ्यांचे चेहरे छापले गेले याची गणती नाही. त्यातलंच एक तिकीट २७ मे १९६९ चं. त्यावर अर्देशिर कर्सेटजी वाडिया. तारीख मुद्दाम धरलेली, कारण २७ मे १८४१ ला ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे, म्हणजे तिथल्या मानाच्या विज्ञानसंस्थेचे, फेलो (सदस्य) झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, थेट १९१८ मध्ये. म्हणजे मध्ये ७७ वर्षं कोणीच नाही. रामानुजन शाळेतल्या पोरालाही माहीत असतात, अर्देशिर मात्र तिकिटं जमवणाऱ्यांपुरते उरले.

वाडिया हे मुंबई गोदीचं घराणं. मूळ पुरुष लवजी नसरवानजी. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आणलं. १७५० मध्ये त्यांनी इथे सुकी गोदी (पाणी काढून जहाज कोरड्यात घ्यायची जागा) बांधली, आशियातली पहिली. नंतरच्या पिढ्यांनी सागवानाची अशी जहाजं बांधली की इंग्लंडच्या नौदलाने ती मागून घेतली. 'ट्रिंकोमाली' हे १८१७ चं जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याच्या नकाशांची गंमत ऐका. ते 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ते जहाजच लढाईत जिंकलं आणि नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली, त्यात काम रखडलं.

अशा घरात अर्देशिर जन्मले, ६ ऑक्टोबर १८०८ ला. चौदाव्या वर्षी गोदीत. करवत, रंधा, तासणी हे बाकीच्या भावंडांसारखं त्यांनाही आलंच असणार. पण गड्याचं चित्त वाफेवर. १८२९ मध्ये गोदीत 'ह्यू लिंडसे' ही आगबोट पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी २० मार्चला ती मुंबईहून सुएझला निघाली आणि महिन्याभराने पोचली. बोट जेमतेम ४११ टनांची आणि कोळसा इतका लागायचा की उतारूंच्या जागेतही तोच भरलेला. तिचं लाकूडकाम घराण्याचं, इंजिन मात्र विलायतेचं. तेव्हा अर्देशिर एकविशीत होते. आता हा माझा तर्क आहे, पण घराण्याची निम्मी विद्या यापुढे बाहेरून येणार हे त्या पोराला तिथेच दिसलं असावं.

१८३३ मध्ये त्यांनी स्वतः ६० टनांची 'इंडस' बांधली आणि तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. गव्हर्नरसाहेब बघायला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला १८६५ उजाडलं, यावरून काय ते समजा.

१८३९ मध्ये स्वारी इंग्लंडला गेली. तिथले कारखाने, गोद्या पाहिल्या, सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत प्रवेश मिळवला. परत आले ते कंपनीच्या मुंबईतल्या वाफ-कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून, १ एप्रिल १८४१ पासून. हाताखाली गोरे मदतनीस, गोरे बॉयलरवाले, शिवाय आपले कारागीर. गोऱ्यांच्या डोक्यावर नेटिव्ह! मुंबईच्या इंग्रजी पत्राने 'याला झेपेल का' म्हणून नाकं मुरडली. झेपलं. १८५७ पर्यंत ते त्याच खुर्चीत होते.

सगळे 'पहिले भारतीय फेलो' इथेच थांबतात, पण माझ्या मते ती गोष्ट दुय्यम आहे. घराण्याचा सागवानी धंदा तेजीत असताना हा माणूस सुताराच्या बाकावरून उठला आणि भट्टीपाशी जाऊन उभा राहिला, हे खरं धाडस. जहाजाचा सांगाडाही कळतो आणि त्याच्या पोटातलं यंत्रही कळतं, अशी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. पुढे लोखंडी जहाजं आली आणि सागवानाचं राज्य संपलं. यांना ते आधीच ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर काही काळ सिंधमध्ये कोटरीला सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या कंपनीत काम केलं, मग कायमचे इंग्लंडला गेले. १६ नोव्हेंबर १८७७ ला रिचमंडला वारले.

गोदाकाठची

सुंदर! प्रेसमध्ये माझे सासरे होते, पण हे नाव घरात कधी ऐकलं नाही. अजून लिहा काका.

गुराब_गलबत

लेख माहितीपूर्ण, पण मिठाचा खडा टाकतोच. याच घराण्याने बांधलेलं 'कॉर्नवॉलिस' हे ७४ तोफांचं जहाज. १८४२ मध्ये त्याच्यावरच चीनला नानकिंगच्या तहावर सही करायला लावली. म्हणजे अफूच्या युद्धाचा शेवट मुंबईच्या सागवानावर झाला. अफू वाहणारी गलबतंही याच गोदीतली. दुसऱ्याच्या साम्राज्याचे सुतार होते हे, एवढं कौतुक कशाला?

आपल्याकडे आंग्र्यांची गुराबं, गलबतं होती. उथळ बुडाची, खाडीत आत घुसणारी, मोठी इंग्रजी जहाजं जिथे रुततील तिथे आरामात फिरणारी. ती कोणी बांधली त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. १७५६ मध्ये विजयदुर्गाला ते आरमार जळालं, आणि तेही पेशवे इंग्रजांच्या बाजूने असताना. त्यावर धागा काढा की.

जुनी_तिकिटे

@गुराब_गलबत, खडा टाकलात ते बरं केलंत, धागा अळणी होत नाही. 'कॉर्नवॉलिस' १८१३ चं. अर्देशिर तेव्हा चार-पाच वर्षांचे, त्यामुळे त्या पापात त्यांना तरी धरू नका :) पण मुद्दा खोटा नाही. कंपनीचा पगार खाल्ला, कंपनीची जहाजं बांधली. त्या काळी मुंबईत एवढ्या मोठ्या प्रमाणावर जहाजं बांधायला पैसा मुख्यतः कंपनीकडे आणि इंग्लंडच्या नौदलाकडे होता.

विजयदुर्गाचं दुखणं माझंही आहे. आंग्र्यांच्या सुतारांची विद्या हातातून हातात गेली, कागदावर उतरलीच नाही. आरमार गेलं तसे हातही पांगले. वाडियांचं टिकलं याचं मोठं कारण म्हणजे त्यांची जहाजं नकाशावरून बांधली जायची आणि नोंदी ठेवल्या जायच्या. अर्देशिर तर त्याच्याही पुढे गेले, यंत्राचं शास्त्र शिकले. १८४९ मध्ये अमेरिकेला जाऊन लाकूड कापायची यंत्रं पाहून आले. हातात घराण्याची कला असताना हे सुचणं सोपं नाही हो.

डांगसीमा

आम्ही सुरगाण्याकडचे. सागाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. वाडियांची जुनी जहाजं बहुतेक मलबारच्या सागाची. तिथली जंगलं कापून विरळ झाली तशी इंग्रजांची नजर आमच्या शेजारी वळली. १८४२ मध्ये डांगच्या (आता गुजरातमध्ये) भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं ते सागासाठीच. त्या राजांना अजून दरवर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरवून मानधन देतात. सापुताऱ्याला फिरायला जाता ना, तिथून पुढे उतरलं की आहवा. नाशिकच्या माणसाला समुद्राशी काय संबंध विचारणाऱ्यांनी एकदा तो दरबार बघून यावा. आमच्याकडचे राजे मात्र तसेच फाटके राहिले, जहाजं कोणाची झाली ते वर आलंच आहे.

सागच का, हेही सांगतो. त्यात तेल असतं, म्हणून कीड आणि कुज लवकर लागत नाही. विलायती ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, साग खिळे धरून ठेवतो.

मेटासेंटर

काका, धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची इंदिरानगरची, सध्या एका शिपयार्डच्या डिझाइन विभागात. तुम्ही म्हणता तसा सांगाडाही कळणारा आणि इंजिनही कळणारा माणूस आता मिळत नाही, कारण त्या एका कामाची दोन झालीत. आमचं काम जहाजाचा आकार, वजन, मजबुती, वेग, तोल. मरीन इंजिनिअरचं काम आतली यंत्रं. लग्नात 'मुलगी जहाज चालवते' असं आजी अजून सांगते, आता दुरुस्त करणं सोडलंय.

लोकांना वाटतं जहाज तरंगलं की झालं. तरंगणं सोपं आहे, ताठ उभं राहणं अवघड. निफाडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली बघा, वर वर रचत गेलं की एका बाजूच्या खड्ड्यात चाक गेलं की संपलं. जहाजाचंही तसंच, फक्त खड्ड्याऐवजी लाटा. गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, जितका वर तितका धोका. १६२८ मध्ये स्टॉकहोमला 'वासा' नावाचं स्वीडिश युद्धजहाज पहिल्याच सफरीत, बंदर पुरतं सोडायच्या आत कलंडलं. वर तोफा जड, खाली वजन कमी. आणि गुरुत्वमध्य फार खाली नेला तर जहाज झटक्याने परत सरळ होतं, आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होतात आणि बांधलेला माल सुटतो.

म्हणून नवीन जहाजाची कलण्याची परीक्षा होते. मला सगळ्यात आवडतो तो दिवस. जहाज जवळजवळ तयार असतं. वारा पडलेला हवा, म्हणून बहुतेक पहाटे. दोर ढिले सोडायचे, धक्क्याला कुठे टेकायला नको. टाक्या एकतर भरलेल्या नाहीतर कोरड्या, अर्धवट पाणी डुचमळलं की आकडे खोटे. जहाजावर राहिलेली प्रत्येक वस्तू, वेल्डरची पेटी, रंगाचे डबे, शिडी, सगळं वजनासकट यादीत. नको असलेली माणसं खाली. उरलेल्यांनी ठरलेल्या जागी उभं राहायचं, इकडून तिकडे जायचं नाही. आत उंचावरून एक लांब तार सोडलेली, टोकाला वजन, ते तेलाच्या भांड्यात बुडवलेलं, म्हणजे हेलकावे लवकर थांबतात. तारेमागे मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. मग क्रेनने डेकवरची मोजलेली वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. हजारो टनांचं धूड एक-दोन अंश कलतं. डोळ्याला कळतही नाही, पण तार पट्टीवर सरकते. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. असं अनेकदा, दोन्ही बाजूंना. त्या सरकण्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य खरा कुठे आहे ते निघतं. काही महिने कागदावर मांडलेला हिशेब त्या सकाळी खरा ठरतो किंवा तोंडघशी पाडतो.

अर्देशिरना फेलो करताना त्यांच्या कागदात 'जहाजरचनेच्या सिद्धांतात आणि व्यवहारात पारंगत' अशा अर्थाचं लिहिलं होतं. सिद्धांत आणि व्यवहार दोन्ही! आमच्या ऑफिसात यातलं एक असलं तरी बढती मिळते.

बारावीचा_बाप

चांगला धागा. मी कॉलेज रोडच्या क्लासच्या फेऱ्यांत अडकलेला बाप. चिरंजीवांनी युट्यूबवर जहाजाचं इंजिन बघितलंय, तेव्हापासून दुसरं काही नको. आम्ही सातपूरला शीटमेटलचा छोटा धंदा करतो, त्यामुळे मेकॅनिकल समजतं, हे समजत नाही. @मेटासेंटर ताई, तुमचं काम चांगलं की इंजिनचं? कुठे शिकायचं? पगार किती वगैरे नंतर, आधी माणूस घरी येतो का ते सांगा.

मेटासेंटर

दादा, मी रोज घरी येते, आमचं काम बहुतेक किनाऱ्यावरचं. चाचणीला समुद्रात जावं लागतं तेवढंच. शिकायला आयआयटी खरगपूर आणि मद्रास आहेत, कोचीनचं विद्यापीठ आहे, आणि मेरीटाइम युनिव्हर्सिटीचं विशाखापट्टण आहे. खरगपूरचा विभाग १९५२ पासूनचा. गणित आवडत असेल तरच पाठवा, इंजिन बघायला आवडतं म्हणून नको. इथे स्क्रू फिरवायला मिळत नाही, दिवसभर संगणकावर आकार घासत बसायचं. काम मात्र आहे. विमानवाहू 'विक्रांत' २०२२ मध्ये नौदलात आली, तिचं डिझाइन आपल्याच लोकांचं. इंजिनचं निवृत्त चीफ काका सांगतील, ते इथे असतात.

निवृत्त_चीफ

आलो. गंगापूर रोडला राहतो, धरणाच्या बोट क्लबवर गेलो की नातू विचारतो, आजोबा तुमची बोट कुठली. सगळ्यात मोठी कोणती, असं विचारतो खरं तर.

मुलाने इंजिन कुठलं बघितलं माहीत नाही. मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन म्हणजे तीन-चार मजले उंच. मिनिटाला साधारण ८० ते १०० फेरे, बस. गिअरबॉक्स नाही, इंजिनचा दांडा थेट पंख्याला. मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं. तेल इतकं घट्ट की शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय आत फवारताच येत नाही. २०२० पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली, त्यामुळे आता तेलंही पातळ झाली आणि नवे प्रश्न आले.

युट्यूबवर सहसा दाखवत नाहीत ते सांगतो. बंदरात इंजिन थांबलं की पिस्टनच्या खालच्या हवेच्या कप्प्यात आत शिरायचं. आत अजून गरम, काळा चिकट गाळ गुडघ्याला लागतो. खरवडण्या, चिंध्या, टॉर्च. तो गाळ साठून पेटला तर आग तिथेच लागते, म्हणून साफ करायचाच. साफ झालं की इंजिन हळूहळू फिरवत पिस्टन सिलिंडरच्या हवेच्या खिडक्यांसमोर आणतात आणि आपण लाकडी काठीने एकेक रिंग दाबून बघायची. दाबली की परत उसळी मारायला हवी. नाही उसळली तर अडकली किंवा तुटली, म्हणजे पुढच्या बंदरात पिस्टन काढायचा. माझ्या पोटापाण्याचं बरंचसं ज्ञान त्या काठीच्या टोकाला होतं.

बढतीची शिडी अशी : ज्युनिअर इंजिनिअर, मग फोर्थ, थर्ड, सेकंड, चीफ. फोर्थकडे तेल साफ करायची यंत्रं आणि पंप, थर्डकडे जनरेटर-बॉयलर, सेकंडकडे मुख्य इंजिन आणि सगळी इंजिनरूम. चीफ सही करतो आणि बोलणी खातो. वर चढायला परीक्षा आणि समुद्रावरचे महिने लागतात. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, किंवा मेकॅनिकल करून एक वर्षाचा कोर्स. सातपूरच्या धंद्यातल्या मुलाला दुसरी वाट वाईट नाही, समुद्र नाही मानवला तर हातात मेकॅनिकल राहतं. डोळे आणि रंग ओळखायची तपासणी आधी करून घ्या, फी भरल्यावर नको. तिथे किती पोरं अडकतात!

घरी येण्याचं विचारलंत. चार-सहा महिने बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. मुलीचा दहावीचा निकाल मला सिंगापूरच्या धक्क्यावर फोनच्या रांगेत उभं राहून कळला. आता जहाजावर इंटरनेट आहे, पण त्याचाही त्रास आहे. घरचं भांडण रोज जहाजावर येतं.

आणि एक, एजंटांपासून सावध. ओळखीतल्या एका घराने 'नक्की जहाज मिळवून देतो' म्हणणाऱ्याला काही लाख दिले. मुलगा अजून घरी आहे, एजंटचा फोन बंद. कॉलेजला डीजी शिपिंगची, म्हणजे जहाजवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाची, मान्यता आहे का बघा. भरती करणाऱ्याकडे त्यांचा परवाना हवा, आणि परवानाधारक खलाशाकडून नोकरीचे पैसे घेऊ शकत नाही. पैसे मागितले की उठून यायचं, चहाही प्यायचा नाही.

गुराब_गलबत

चीफ साहेब, ज्युनिअरचा पगार ऐकला तर अर्धा धागा समुद्रावर जाईल.

निवृत्त_चीफ

म्हणूनच लिहिला नाही. डॉलर बघून आलेला ज्युनिअर पहिल्या वादळात पासपोर्ट मागायला लागतो.

जुनी_तिकिटे

चीफ साहेब, एक विचारू का? तुमच्या आणि ताईच्या कामाची जहाजावर कधी गाठ पडते का? अर्देशिरांच्या एकट्याच्या टाळक्यात जे होतं ते तुम्ही दोघं आता एकमेकांना कसं सांगता?

निवृत्त_चीफ

भांडणातून. डिझाइनवाले इंजिनरूमला जागा कमी देतात, कारण तेवढी जागा मालाला गेली की मालक खूश. मग पंपाचं झाकण काढायला आम्हाला हात वाकडा करून घालावा लागतो. नवीन जहाज घ्यायला शिपयार्डात जातो तेव्हा पहिला आठवडा हाच वाद. मेटासेंटर ताई, तुम्ही पंपाच्या भोवती माणूस उभा काढता का नकाशात?

मेटासेंटर

आता काढतो काका! संगणकातल्या मॉडेलमध्ये पुतळा उभा करून बघतो. पण तो पुतळा बारीक आहे, तुमच्यासारख्या चीफच्या मापाचा नाही.

बारावीचा_बाप

सगळ्यांचे आभार. डोळ्यांची तपासणी याच आठवड्यात करतो. पण खरी अडचण आता लिहितो, हसू नका. आमच्या चिरंजीवांना सापुताऱ्याच्या घाटात गाडी लागते. पिशवी घेऊनच बसतो. जहाजावर याचं काय होईल?

निवृत्त_चीफ

गाडी लागणाऱ्याला बोट लागेलच असं नाही, आणि बोट बहुतेकांना लागते. मलाही लागायची, बंदरातून निघालं की पहिले दोन दिवस. ओकायचं, तोंड धुवायचं आणि वॉचला, म्हणजे आपल्या पाळीला, उभं राहायचं. इंजिनरूम जहाजात खाली असते, तिथे हेलकावे वरच्यापेक्षा कमी, तेवढा फायदा. कोरडी पोळी खा म्हणावं, रिकाम्या पोटी जास्त लागते. बहुतेकांची तिसऱ्या दिवसापर्यंत सुटते. ज्यांची सुटत नाही ते परत येतात, त्यात लाज नाही. पहिल्या जहाजाआधी एकदा मुंबईहून अलिबागची बोट पावसाळा संपताना करून बघा, तिकीट काही लाखांच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.

डांगसीमा

आणि येताना घाटातून नका येऊ.